झेड ड्राइव्हची लाल फुली

भाऊबीज उरकून नाशिकमधल्या एका सीए सरांचं ऑफिस उघडलं, तेव्हा टॅक्स ऑडिटची मुदत अगदी तोंडावर आली होती. मूळ तारीख ३० सप्टेंबर २०२५, ती वाढवून ३१ ऑक्टोबर केलेली, आणि वाढवून मिळालेल्या महिन्यातला बराचसा भाग दिवाळीतच गेलेला. ऑफिस उघडल्या उघडल्या मला फोन: "दादा, टॅली उघडत नाहीये. कुणाचंच."

"कुणाचंच" हा शब्द ऐकून खरं तर जीव भांड्यात पडतो. एकाचंच बिघडलं असेल तर शोधत बसावं लागतं. सगळ्यांचं एकदम गेलं, तर झाडूपोछा करताना स्विचची वायर निघालेली असते नाहीतर सर्व्हर बंद असतो. इथे स्विचचे दिवे नीट लुकलुकत होते, सर्व्हर चालू होता आणि इंटरनेटही चालू होतं. फक्त प्रत्येकाच्या मशिनवर झेड ड्राइव्हला लाल फुली.

या ऑफिसची मांडणी आधी सांगतो. सर्व्हर म्हणतात तो एक साधाच डेस्कटॉप, विंडोज ११ प्रो टाकलेला. त्यावर एक फोल्डर शेअर केलेला आहे. टॅलीचा डेटा, क्लायंटवार फायली, स्कॅन केलेले कागद, सगळं त्यात. बाकीच्या आठ डेस्कटॉपवर तोच फोल्डर झेड म्हणून मॅप केलेला. सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारं डोमेन वगैरे काही नाही, साधा वर्कग्रुप, म्हणजे प्रत्येक मशिनची खाती त्याच्यापुरती. ही नऊच्या नऊ मशिनं उन्हाळ्यात एकदम घेतली होती, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि जुन्या मशिनांवर ११ चढत नव्हतं. खरेदी माझ्यामार्फत झाली नव्हती. माझ्याकडे फक्त मेंटेनन्स.

झेडवर डबल क्लिक केलं की युजरनेम-पासवर्डची खिडकी यायची. बरोबर पासवर्ड टाकला तरी "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा". परत टाका, परत तेच. पहिल्या टेबलावरची आर्टिकल, म्हणजे सीएचं काम शिकायला आलेली मुलगी, तर त्या खिडकीत चार आकडी पिन टाकत होती. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता हसूही येत नाही. सकाळी मशिन सुरू करताना पिन टाकायची सवय, त्यामुळे पासवर्ड असा काही असतो हेच लोक विसरून गेलेत. पिन फक्त त्याच मशिनपुरता चालतो. नेटवर्कवरून दुसऱ्या मशिनवर जायचं तर त्या मशिनवरच्या खात्याचा पासवर्डच लागतो. तिला सर्व्हरवरचा खरा पासवर्ड टाकायला लावला. तरी तेच उत्तर.

मग नेहमीची उजळणी. सर्व्हरला पिंग जात होतं, म्हणजे हाक मारली की ओ येत होती. पॉवरशेलमधून ४४५ नंबरच्या पोर्टला हात लावून पाहिला, कारण विंडोजचं फोल्डर शेअरिंग त्याच दारातून चालतं. दार उघडं होतं. अपडेटनंतर कधीकधी नेटवर्क "प्रायव्हेट"चं "पब्लिक" होऊन बसतं आणि फायरवॉल शेअरिंग अडवते, तेही तपासलं, प्रायव्हेटच होतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपून ठेवलेले जुने पासवर्ड उडवले. नावाऐवजी थेट आयपी पत्ता टाकून फोल्डर उघडून पाहिला. काही फरक नाही. म्हणजे रस्ता मोकळा होता, दारही उघडं होतं, दारावरचा माणूस मात्र ओळखपत्र बघून परत पाठवत होता.

दरम्यान या धंद्यातल्या दोघा मित्रांना फोन झाले. दोघांचं उत्तर एकच: "२४एच२ आहे ना? मग साइनिंग बंद कर, गेस्ट चालू कर, मोकळा हो." हा सल्ला अगदीच हवेतला नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आवृत्तीत दोन गोष्टी मुळातच बदलल्या. शेअरिंगच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही सक्तीची झाली, आणि पासवर्डाशिवाय "गेस्ट" म्हणून आत शिरणं बंद झालं. त्यामुळे जुनी नॅस पेटी (नेटवर्कला जोडलेली फायली साठवायची पेटी) किंवा राउटरला लावलेली हार्डडिस्क वापरणाऱ्या बऱ्याच जणांचं शेअरिंग बंद पडलं होतं. पण ते बिघाड आपलं नाव सांगून येतात. गेस्टचा अडथळा असेल तर विंडोज स्पष्ट म्हणतं की तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण विनाओळख गेस्टला आत सोडत नाही. सहीचा अडथळा असेल तर सही अवैध असल्याचा एरर येतो. इथे पासवर्ड मागून नाकारला जात होता. शिवाय ही मशिनं आली तीच २४एच२ घेऊन, आणि धनत्रयोदशीला ऑफिस बंद होईपर्यंत व्यवस्थित चालली होती. मग २४एच२ ला दोष कसा द्यायचा?

आणि सही बंद करणं मला मुळातच पटत नाही. ती सक्ती केली आहे ती मधल्यामध्ये कुणी तुमचं लॉगिन पकडून स्वतःचं म्हणून पुढे सरकवू नये म्हणून. सीएच्या ऑफिसात शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं असतात. एक लाल फुली घालवण्यासाठी ती कडी काढून ठेवायची, आणि मग ती परत लावायची कुणाला आठवणार?

अपडेट हिस्टरी उघडली. ऑडिटच्या गर्दीत मध्येच मशिन रीस्टार्ट होऊ नये म्हणून मी सप्टेंबरच्या सुरुवातीला सगळीकडे अपडेट थांबवून ठेवले होते. विंडोज ११ त्यासाठी जास्तीत जास्त पाच आठवडे देतं. ते संपले, आणि दिवाळीच्या सुट्टीवर निघताना सगळ्यांनी "अपडेट अँड शट डाउन" दाबलं. १४ ऑक्टोबरचा क्युम्युलेटिव्ह (आधीचे बदलही पोटात घेतलेला) अपडेट प्रत्येक मशिनवर दिसत होता. म्हणजे खापर फोडायला जागा सापडली असं वाटलं.

तेवढ्यात सर केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय की."

मी जाऊन बघितलं. खरंच चालत होतं. झेड उघडत होता, टॅलीतल्या कंपन्या दिसत होत्या. त्यांचा लॅपटॉपही विंडोज ११, २४एच२, आणि त्यावरही ऑक्टोबरचा तोच अपडेट. दिवसभरातली सगळ्यात कामाची माहिती ही होती. अपडेट एकच, सर्व्हर एकच, पासवर्ड एकच, तरी एक मशिन आत जातं आणि आठ जात नाहीत. फरक एवढाच की लॅपटॉप सरांनी वेगळा, कंपनीचं विंडोज घालून आलेला घेतला होता, आणि डेस्कटॉप सगळे एका विक्रेत्याकडून एकाच दिवशी आले होते.

आता सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. तो उघडायचा लोकांना कंटाळा येतो, कारण त्यात शंभरातल्या नव्वद ओळी निरुपयोगी असतात. सिस्टिम लॉगमध्ये एलएसए, म्हणजे विंडोजमधला लॉगिन तपासणारा भाग, त्याच्या नावाने एक ओळ पुन्हा पुन्हा आली होती, इव्हेंट नंबर ६१६७. तिचा मजकूर: "देअर इज अ पार्शल मिसमॅच इन द मशिन आयडी." पुढे लिहिलं होतं की या तिकिटात, म्हणजे लॉगिनसोबत आलेल्या ओळखीच्या चिठ्ठीत, एक तर कुणीतरी फेरफार केलाय, किंवा ते मशिन आधी कधीतरी सुरू झालं होतं त्या वेळचं आहे. म्हणजे सर्व्हरला समोरच्या मशिनची ओळख अर्धी स्वतःसारखीच वाटत होती आणि अर्धी वेगळी. त्याच्या लेखी समोर दुसरं मशिन नव्हतंच. त्याचंच जुनं किंवा बनावट तिकीट घेऊन कुणीतरी आलं होतं.

यानंतर फारसं शोधावं लागलं नाही. सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून "हू ॲम आय" ची कमांड स्लॅश युजर लावून दिली. उत्तरात युजरचं नाव आणि त्याचा एसआयडी, म्हणजे विंडोजने दिलेला ओळख नंबर, येतो. एस-१-५-२१, मग तीन लांबलचक आकडे, आणि शेवटी त्या खात्याचा छोटा नंबर. मधले तीन आकडे म्हणजे त्या विंडोजची स्वतःची ओळख, इन्स्टॉल होताना तयार होते. मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि पहिल्या टेबलावर जाऊन तीच कमांड दिली. फोन स्क्रीनला लावून आकडा-आकडा जुळवला. तिन्ही लांब आकडे तेच. शेवटचा १००१ सुद्धा तोच. कॉम्प्युटरचं नाव वेगळं, युजरचं नाव वेगळं, खालचा एसआयडी मात्र हुबेहूब. दुसऱ्या टेबलावर तेच, तिसऱ्यावर तेच. सरांच्या लॅपटॉपवर मात्र पूर्ण वेगळा.

विक्रेत्याने काय केलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. एका मशिनवर विंडोज, ड्रायव्हर, ऑफिस, पीडीएफचं सॉफ्टवेअर, मराठी कीबोर्ड, सगळं छान बसवलं. मग ती एसएसडी डॉकमध्ये घालून बाकीच्या आठांवर क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, मारला आणि नावं बदलून दिली. नाव बदललं तरी एसआयडी बदलत नाही. हे सगळेच करतात. क्लोन करण्याआधी विंडोजचंच सिसप्रेप नावाचं साधन चालवून "जनरलाइझ" केलं, तर प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा एसआयडी बनवते. पण त्यानंतर प्रत्येक मशिनवर सुरुवातीचे सगळे प्रश्न पुन्हा सोडवावे लागतात, म्हणून तेवढी पायरी गाळली जाते.

विक्रेत्याची बाजूही थोडी मांडायला हवी. एकेकाळी क्लोन केलं की न्यूएसआयडी नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवायचं असा रिवाज होता. ते लिहिणाऱ्या, सिसइंटर्नल्स या विंडोजच्या साधनांच्या संचामागच्या मार्क रुसिनोविच यांनीच २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ते निवृत्त केलं आणि लिहिलं की दोन मशिनांचा एसआयडी सारखा असण्याने काही बिघडतं ही समजूतच खोटी आहे. सिसप्रेप तरीही करा, कारण क्लोनची तीच अधिकृत पद्धत आहे, हेही त्याच लेखात होतं. पण लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा सोडून दिला. त्यानंतर कितीतरी वर्षं खरंच काही बिघडलं नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटांनी विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ मध्ये, तसंच सर्व्हर २०२५ मध्ये, लॉगिनच्या वेळी ही ओळख काटेकोर तपासायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबरमध्ये तसं स्पष्ट लिहिलंही: एसआयडी सारखा असेल तर शेअर केलेला फोल्डर नावानेही उघडणार नाही आणि आयपीनेही, रिमोट डेस्कटॉप चालणार नाही, पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हटला जाईल. आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं. दोन माणसं एकाच आधार नंबरवर इतकी वर्षं रेशन घेत होती आणि आता अंगठा लावायचं मशिन आलं, एवढाच प्रकार.

सरांनी विचारलं, "मग अपडेट काढून टाकता येईल ना?"

काढता येतो. पण तो परत येणार, आणि थांबवून ठेवला तर सुरक्षेचे बाकीचे सगळे अपडेटही थांबणार. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोललं तर तपासणी तात्पुरती सैल करणारी एक खास पॉलिसी मिळते, पण ते मोठ्या संस्थांसाठी ठीक. नऊ मशिनांच्या ऑफिसने ते कशाला करायचं? मी सरांना सांगितलं की आजचा दिवस भागवू आणि सर्व्हर रविवारी मुळापासून करू.

आजचा दिवस भागवला तो सरांच्या लॅपटॉपवर. त्याचा एसआयडी वेगळा, म्हणजे आठही मशिनांना तो चालणार. सर्व्हरवरून टॅलीचा डेटा आणि चालू ऑडिटच्या फायली त्यावर कॉपी केल्या, एक वेगळं खातं आणि त्याला पासवर्ड करून फोल्डर शेअर केला, वायर लावली, झाकण बंद केलं तरी झोपू नये अशी सेटिंग केली. आठ मशिनांवर झेड नव्याने मॅप केला. पहिल्याच फटक्यात उघडला. निदान बरोबर असल्याचा हा आणखी एक पुरावा. सर दोन दिवस लॅपटॉपविना केबिनमध्ये चुळबुळत होते, आणि आर्टिकल मंडळी त्यावर बेहद्द खूश होती.

आता मोठा प्रश्न: नऊ मशिनं फॉरमॅट मारायची? ऑडिटच्या शेवटच्या आठवड्यात? इथे जरा डोकं चालवलं की काम हलकं होतं. भांडण सर्व्हर आणि बाकीच्यांत होतं. एकट्या सर्व्हरचा एसआयडी बदलला, तर आठही मशिनं त्याच्याकडे बिनदिक्कत जातील. आठ जणांचा आपसात एसआयडी सारखा राहिला तरी ते एकमेकांच्या फोल्डरमध्ये कुठे जातात? एक प्रिंटर तेवढा एका मशिनवरून शेअर केलेला होता. त्याला मागे नेटवर्कची वायर लावायची सोय होती, पण कुणी ती वापरली नव्हती. वायर लावून त्याला स्वतःचा पत्ता दिला, विषय संपला.

मधल्या शनिवारी रिकाम्या टेबलावरच्या मशिनवर सिसप्रेप चालवून पाहिलं, जमलं तर वेळ वाचेल म्हणून. पहिल्याच पायरीला "विंडोज इन्स्टॉलेशनची तपासणी करता आली नाही" म्हणून थांबलं. पँथर फोल्डरमधल्या लॉगमध्ये स्टोअरमधल्या एका ॲपचं नाव, जे एका युजरसाठी बसवलंय पण सगळ्यांसाठी नाही. ते काढलं तर दुसऱ्या ॲपचं नाव. सिसप्रेप कोऱ्या मशिनसाठी आहे. चार-पाच महिने वापरलेल्या मशिनवर ते रेटण्यात अर्थ नाही. ठरलं, सर्व्हर सरळ कोरा करायचा.

रविवारी ऑफिसात मी आणि ऑफिस सांभाळणाऱ्या ताई. सगळ्यात आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर केलं. हे विसरून फॉरमॅट मारला की नंतर लायसन्ससाठी फोनाफोनी करत बसावं लागतं. मग डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि त्यातल्या चार फायली दुसऱ्या मशिनवर उघडून पाहिल्या. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं, सी ड्राइव्ह पूर्ण पुसून. कॉम्प्युटरला नाव जुनंच दिलं, म्हणजे बाकीच्यांचे रस्ते बदलायला नकोत. पुन्हा कमांड दिली: तिन्ही आकडे नवे.

डेटा डी ड्राइव्हवर होता तो तसाच ठेवला होता, आणि तिथे एक मजेशीर गोष्ट दिसली. फोल्डरच्या सिक्युरिटीच्या पानावर माणसांच्या नावांच्या जागी "अकाउंट अननोन" आणि पुढे जुना लांबलचक एसआयडी. विंडोज परवानग्या नावाने ठेवतच नाही, या नंबराने ठेवतं. नवीन विंडोजला ते नंबर कुणाचे हे माहीत नाही. फोल्डरची मालकी घेतली, त्या अनाथ नोंदी काढल्या, प्रत्येकाचं खातं नव्याने करून परवानग्या दिल्या. ते करताना ताईंनी सांगितलं की नोकरी सोडून गेलेल्या दोघांची खातीही अजून चालू होती. ती नव्याने केलीच नाहीत. मग टॅली, लायसन्स, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हर, आणि लॅपटॉपवर झालेलं शनिवारपर्यंतचं काम परत सर्व्हरवर.

सोमवारी सगळे झेड हिरवे. बुधवारी, २९ तारखेला, ऑडिट रिपोर्टची मुदत १० नोव्हेंबरपर्यंत वाढल्याची बातमी आली. ताई म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतं तर रविवारी घरी फराळ तरी संपवला असता."

एक शेपूट राहिलं होतं. झेरॉक्सच्या मोठ्या मशिनवरून स्कॅन केलेले कागद थेट शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडायचे, ते बंद झाले. ते मशिन इतकं जुनं की त्याला फक्त एसएमबी १, म्हणजे फोल्डर शेअरिंगची सगळ्यात जुनी पद्धत, कळतं. आधीच्या सर्व्हरवर कुणीतरी ते मुद्दाम चालू करून ठेवलं होतं. नव्या विंडोजमध्ये ते नसतं. २०१७ च्या मे महिन्यात फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून विंडोजने ते मुळात बसवणंच बंद केलं. सर म्हणाले, "एवढं एक चालू करून द्या." मी नाही म्हटलं. त्या मशिनला ईमेलवर स्कॅन पाठवता येत होतं, ते लावून दिलं. सरांना अजून ते आवडलेलं नाही.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांना असंच देतो, आजवर कुणाची तक्रार नाही." हे खरंच असेल. बाकीच्या आठ मशिनांपैकी जसजसं एखादं मोकळं मिळतंय तसतसं मी ते कोरं करतोय. क्लायंटचे कागद त्यावर नसल्यामुळे एकेकाला दुपारभराचा वेळ पुरतो. शेवटचं एक तसंच ठेवलं तरी चालेल. तोवर तो एसआयडी त्या एकाचाच उरलेला असेल.